गाडीला धाप लागली तेव्हा

आखाजी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. माहेरवाशिणी सासरी परतत होत्या, निंबाला बांधलेले झोके अजून कुणी सोडले नव्हते. खान्देशातलं ऊन तुम्हाला काय सांगायचं! पारा ४४ वर गेलेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन वाजला. तापीकाठच्या एका गावातली आमच्या बचत गटातली बाई बोलत होती. तिच्या सुनेला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या.

आमची डिझेलची जीपगाडी अशा कामाला जाते, हे आजूबाजूच्या गावांना ठाऊक आहे. हे नेमके नाशिकला गेलेले. शेजारचा मुलगा गाडी चालवायला आला. सुनेला मागच्या सीटवर निजवलं, सासूच्या मांडीवर तिचं डोकं, आणि आम्ही शिंदखेड्याहून धुळ्याच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो.

सोनगीर जवळ आलं आणि एका लहानशा चढावर गाडी ओढेचना. अॅक्सिलरेटर पार खाली दाबलेला, इंजिन ओरडतंय, मागे काळाकुट्ट धूर, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढे निघून जात होते. सासू घाबरून म्हणाली, "काय व्हयनं वो ताई? गाडी का बरं चालत नही?" मी काय सांगणार? मला तरी कुठे माहीत होतं! एरवी तासाभराचा रस्ता आम्ही दोन तासांत कापला. देवाची कृपा, पहाटे सुखरूप बाळंतपण झालं. मुलगी झाली. पण ते दोन तास मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी हायवेवरच्या एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिन एकदा सुरू केलं, धूर पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "टर्बो गेला. चाळीस हजार लागतील. निम्मे आधी द्या." मी विचारलं, "टर्बो म्हणजे कुठला भाग? मला दाखवता का?" तो हसला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवा."

मैत्रिणींनो, मी बी. ए. झालेली बाई. गटाचे हिशेब करते, बँकेत मॅनेजरशी वाद घालते, तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभी राहते. पण त्या उघड्या बॉनेटसमोर मी अगदी अडाणी ठरले. ह्यांना फोन केला तर म्हणाले, "तो म्हणतोय तर करून टाक, गाडी अडून नको." चाळीस हजार! तेवढे पैसे लेकीच्या होस्टेलच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी चहा घेताना एकदम आठवलं. गटातल्या एका ताईची मुलगी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून गावातल्याच एका जुन्या गॅरेजात काम शिकतेय. सगळा गाव त्या गॅरेजच्या मिस्तरींना चाचा म्हणतो. पोरीचं तिथं जाणं काहींना खटकत होतं, तिच्या वडिलांनाही. "आखाजीपर्यंत जा, मग पाहू," असं त्यांनी बजावलेलं. आखाजी तर होऊन गेली होती. म्हटलं, पोरगी अजून येत असेल तर तिलाच विचारू.

होती ती. निळा शर्ट, हाताला काळं ऑइल, केसांना घट्ट रुमाल. मी चाळीस हजारांचं सांगताच ती चाचांकडे पाहून म्हणाली, "काकू, आधी शिट्टी ऐकू. मग टर्बोचं बघू."

तिनं इंजिन सुरू करायला लावलं आणि गाडी एका जागी उभी ठेवूनच रेस वाढवायला सांगितली. बॉनेटखालून बारीक फुस्स असा आवाज आला. फुगलेल्या ट्यूबला काटा लागावा तसा. चाचा दाढी खाजवत म्हणाले, "हवा जा रही है कहीं से. बेटी, इंटरकूलर उतार." आणि मला म्हणाले, "ताई, आपण पण थांबा. आपली गाडी आहे, आपल्या डोळ्यांनी बघा."

इंटरकूलर हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकला. पोरीनं जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते.

इंजिनाला डिझेल जाळायचं तर हवा लागते. चूल पेटवताना आपण फुंकणीनं फुंकतो ना, तसंच. जितकी जास्त हवा, तितका जोर. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. इंजिनातून जो धूर बाहेर जातो, त्याच्याच वेगानं एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून आत ढकलतं. हे चक्र मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं! ही युक्ती आजची नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. आज आपल्या रस्त्यावरच्या ट्रकपासून घरच्या जीपगाडीपर्यंत ती पोचली आहे.

पण हवा दाबली की तापते. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला चटका देतो, ते आठवा. टर्बोतून निघालेली हवा शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापू शकते. आणि तापलेली हवा पसरते, विरळ होते. एका पायलीत ज्वारी किती मावते आणि लाह्या किती मावतात? तसंच आहे हे. गरम हवा म्हणजे लाह्या. जागा भरते, पण आत माल कमी. इंजिनाला पाहिजे ज्वारी. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये एक जाळी बसवलेली असते. रेडिएटरसारखीच दिसते, पण हिच्यात पाणी नसतं. आतून गरम हवा जाते आणि बाहेरून गाडीचा वारा लागून ती निवते. हाच इंटरकूलर.

जाळी अॅल्युमिनियमची असते. आपल्याकडे सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध. तांबं लवकर तापतं आणि लवकर निवतं हे आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत आहे. अॅल्युमिनियमचा गुणही तसाच, शिवाय वजनाला हलकं आणि किमतीला परवडणारं.

गॅरेजच्या भिंतीवर एका लाल स्पोर्ट्स कारचं पोस्टर होतं. पोरगी त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, असल्या गाड्यांमध्येही हेच असतं." सुबारू या जपानी कंपनीच्या एका स्पोर्ट्स गाडीत म्हणे इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवतात, म्हणून तिच्या बॉनेटवर नाकपुडीसारखी फट असते. आपल्या मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 'अवंती' ही स्पोर्ट्स कार दाखवली, तिचं इंजिनही टर्बोचंच होतं. शर्यतीची गाडी असो की बाळंतिणीला नेणारी, दोघींना दम एकाच रीतीनं मिळतो.

मग कामाला सुरुवात झाली. गाडी तासभर थंड होऊ दिली होती, कारण गरम इंजिनात हात घातला तर भाजतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग समोरची शोभेची जाळी आणि बंपर उतरवला. जो बोल्ट निघेल तो ती एका घमेल्यात ठेवत होती, तेही क्रमानं. मला हसू आलं. आपण पापडाच्या लाट्या मांडून ठेवतो तशी ती बोल्टांची रांग!

रेडिएटरच्या पुढे आमचा इंटरकूलर दिसला आणि मी थक्क झाले. जाळी दिसतच नव्हती. चिखल, मेलेले किडे आणि कापसाचा तंतू यांचा जाड थर बसलेला. आपल्याकडे हंगामात कापसाच्या गाड्या रस्त्यानं उडत जातात, जिनिंगच्या आसपास तर हवेत पांढरी भुकटीच असते. ती सारी आमच्या गाडीनं नाकात घेतली होती. वारा आत शिरायला जागाच उरली नव्हती.

इंटरकूलरला दोन्ही बाजूंनी जाड रबरी होज जोडलेले असतात. एक टर्बोकडून गरम हवा आणतो, दुसरा निवलेली हवा इंजिनाकडे नेतो. पोरीनं एक छोटा सेन्सर हळूच काढला, वायर ओढली नाही, टोकाचं कुलूप दाबून सोडवलं. मग होजच्या क्लिपा सैल केल्या. होज निघताच तिनं लगेच दोन्ही उघड्या नळ्यांच्या तोंडावर स्वच्छ फडकी बांधली आणि फडकी मोजून मोठ्यानं म्हणाली, "दोन." चाचा म्हणाले, "दोन." मी विचारलं, हे काय? तर एखादं फडकं किंवा एखादा नट आत राहून गेला आणि गाडी सुरू केली, तर तो थेट इंजिनात ओढला जातो. मग चाळीस हजारात भागत नाही.

शेवटी खालचे-वरचे बोल्ट काढून इंटरकूलर बाहेर आला. बोल्टांखालची रबरी बुचंही तिनं जपून ठेवली. ती नसली तर गाडीचे हादरे थेट जाळीला बसतात आणि सांधा तडकतो.

आता खरा चोर सापडायचा होता. गरम बाजूचा होज तिनं उलटा केला. वरून धडधाकट, पण खालच्या बाजूला, क्लिपेजवळ, बोटभर चीर. चिरेभोवती तेलकट धूळ चिकटलेली. ती म्हणाली, "बघा काकू, गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते. जोर लावला की आतल्या दाबानं उघडते आणि हवा बाहेर." म्हणजे त्या रात्री चढावर इंजिनाला डिझेल पुरेपूर मिळत होतं, पण हवा मिळत नव्हती. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणीला भोक पडलं, तर धूरच होणार ना!

मी घाबरत विचारलं, "म्हणजे टर्बो गेला नाही?" चाचांनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला आणि थंड चक्र बोटानं फिरवून दाखवलं. ते गपकन फिरलं, कुठे घासलं नाही. दांडा पुढे-मागे हलवून पाहिला, हलला नाही. आडवा अगदी किंचित हलतो, तेवढा चालतो म्हणाले. इंटरकूलरच्या आतही तेलाचा फक्त पातळ हात फिरलेला होता. तेवढा बहुतेक गाड्यांत असतो. ओतून निघण्याइतकं तेल साचलं असतं, तर टर्बोकडे संशय गेला असता. चाचा एवढंच म्हणाले, "टर्बो चंगा आहे."

जाळी धुवायचं काम बघून मला राहवेना, मी पदर खोचला. आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ झाडली. मग साबणाचं पाणी, आणि मागच्या बाजूनं हलक्या धारेचा नळ, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर पडते. जोराची धार मारायची नाही, कागदासारख्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. वाकलेल्या काही पट्ट्या मी जुन्या टूथब्रशच्या दांड्यानं सरळ केल्या. तीस वर्षं तांदळातले खडे निवडल्याचा उपयोग झाला! आतून तिनं तेल सोडवणारं द्रव घालून हलवलं, ओतलं, पुन्हा हलवलं. मग कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेनं वाळवलं आणि सावलीत उभं करून ठेवलं. इथे घाई करायची नाही, असं चाचांनी दोनदा सांगितलं. आत तेल किंवा पेट घेणारं द्रव राहिलं तर डिझेल इंजिन तेच इंधन समजून जाळायला लागतं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही.

वाळल्यावर परीक्षा. पंक्चर काढायची पाण्याची टाकी होती, त्यात इंटरकूलर बुडवला. एका तोंडाला बूच, दुसऱ्या तोंडातून हवा, तीही बेतानं, वीस पौंडांच्या आसपास. टायरसारखी भरायला गेलं तर जाळीच फाटायची. आम्ही तिघं पाण्यावर वाकून बुडबुडे शोधत होतो. एकही आला नाही. मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

बसवताना काढण्याचा क्रम उलटा. नवा होज आणि नव्या क्लिपा आल्या. होजची आणि नळीची तोंडं पुसून कोरडी केली, तेल राहिलं तर होज दाबानं निसटतो. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्याच्या आतल्या अंगाला बसली पाहिजे. आणि प्रत्येक बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवायचा, मगच पाना लावायचा. अॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, तिरका बोल्ट दाबून फिरवला की कामातून गेले. सेन्सर जोडला, फडकी सोडली. "एक, दोन," ती म्हणाली. घमेलं रिकामं झालं. एकही बोल्ट उरला नाही आणि कमीही पडला नाही.

गाडी सुरू केली. फुस्स आवाज बंद. चाचा म्हणाले, उभ्या गाडीवर विश्वास ठेवू नका, ओझं घालून बघा. मग गॅरेजातली चार माणसं आणि एक डिझेलचा भरलेला पिंप मागे ठेवून आम्ही नरडाण्याच्या रस्त्याला फेरी मारली. पोरगी चालवत होती. तिनं तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी अशी उचलली की मी दांडी घट्ट पकडली. मागे पाहिलं, धूर नाही. बिल झालं दोन हजार सहाशे पन्नास रुपये, होज आणि मजुरीसह. आठ दिवसांनी क्लिपा पुन्हा तपासायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

कुठे चाळीस हजार आणि कुठे सव्वीसशे पन्नास! पहिला माणूस लबाड होता की घाईचा होता, मला ठाऊक नाही. पण मी नुसती होकारार्थी मान हलवली असती, तर चांगला टर्बो काढून नवा बसला असता, फाटका होज तसाच राहिला असता आणि पुढच्या रात्री पुन्हा कुणाची तरी सून चढावर अडकली असती.

संध्याकाळी त्या पोरीच्या घरी गेले. वडील ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, पोरीनं गाडी दुरुस्त केली हे चांगलं झालं. पण उद्या तिला बघायला येणारे काय म्हणतील? तिचे हात बघा." मी म्हटलं, "भाऊ, चुलीपुढे काळे झालेले हात चालतात, मग ऑइलनं झालेले का नाही?" त्यांना १९७४ सालची गोष्ट सांगितली. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं. सुधा कुलकर्णी नावाच्या इंजिनिअर मुलीनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि पुण्याला नोकरी मिळवली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात वर्षानुवर्षं ट्रकची चाकं दुरुस्त करणाऱ्या शांतीदेवींबद्दलही सांगितलं. ते ऐकत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. शेवटी बोलले, "दिवाळीपर्यंत जाऊ दे तिला. मंग पाहू." दाराआडून पोरगी माझ्याकडे बघून हसली. आखाजीची मुदत दिवाळीवर गेली, हेही थोडं नाही.

गेल्या रविवारी आमच्या गटाच्या अकरा जणी आमच्या अंगणात जमल्या. मी बॉनेट उघडलं आणि पोरीनं सगळ्यांना एकेक भाग दाखवला. कुणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, कुणाच्या घरी पिकअप गाडी. हप्ते भरताना गटातून कर्ज आपण उचलतो, गळ्यातलं गहाण आपण ठेवतो, पण त्या बॉनेटखाली काय आहे ते बघायला आपल्याला कुणी बोलावत नाही आणि आपणही जात नाही. म्हणून मैत्रिणींनो, एवढं तरी करा. काळा धूर, फुस्स आवाज आणि चढावर दम लागणं अशी तीन लक्षणं एकत्र दिसली, तर मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी "होज आणि इंटरकूलर उतरवून तपासलात का?" एवढा एक प्रश्न विचारा. काढलेला जुना भाग हातात मागा. आणि दुरुस्ती चालू असताना तिथंच उभ्या राहा.

तो फाटका होज मी टाकलेला नाही. आमच्या पडवीत खुंटीला टांगून ठेवलाय. परवा ती सासू नातीला घेऊन आली होती. होज पाहून म्हणाली, "हाई काय शे वो ताई?" मी तिला खाली बसवलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि अगदी सुरुवातीपासून, फुंकणीपासून, सांगायला सुरुवात केली.